ते फाराची धार: ओशन बीच ते अर्कर्ट्स बे, क्लबच्या एका दिवसाचं पूर्ण नियोजन

न्यूझीलंडमध्ये डोंगर-जंगलातल्या पायपिटीला ट्रॅम्पिंग म्हणतात आणि ती बहुतेक क्लबांच्या जिवावर चालते. वेलिंग्टनचा तारारुआ ट्रॅम्पिंग क्लब १९१९ साली सुरू झाला, ऑकलंडचा १९२५ साली. रविवारी सकाळी गाड्या भरून निघायचं, संध्याकाळपर्यंत परत. आपल्याकडच्या ट्रेकिंग ग्रुपसारखंच, फक्त इथे पायथ्याला चहाची टपरी नसते आणि वाटेत लिंबूसरबतवाल्या मावशी भेटत नाहीत. सोबत असेल तेवढंच खायचं, तेवढंच प्यायचं.

अशा एकदिवसीय चालीचा नमुना म्हणून नॉर्थलँडमधला, म्हणजे देशाच्या उत्तर टोकाच्या प्रांतातला, ते फारा ट्रॅक घेऊ. नाव इंग्रजी लिपीत पाहिलं की आपण 'व्हारा' वाचतो. माओरी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'wh' या अक्षरजोडीचा उच्चार 'फ'च्या जवळचा. जवळच्या शहरालाही म्हणूनच फांगारेई म्हणायचं. ब्रीम हेड हे ते फारा डोंगराचंच दुसरं नाव. शेजारच्या उपसागराला कॅप्टन कुकने नोव्हेंबर १७६९ मध्ये 'ब्रीम बे' म्हटलं, त्यातून ते आलं. प्राचीन ज्वालामुखीचा झिजून उरलेला हा सांगाडा आहे, त्यामुळे माथ्यावर सुळके, दोन्ही अंगांना तुटलेले उतार आणि खाली थेट समुद्र.

अंतर एका बाजूने ७.५ किलोमीटर. सर्वांत उंच माथा ४७६ मीटर, त्यानंतरचा माउंट लायन ३९५ मीटर. आकडे वाचून सह्याद्रीत फिरलेला माणूस हसतो आणि पहिली चूक तिथेच होते. ट्रॅक सांभाळणारं संवर्धन खातं, ज्याला सगळे नुसतं 'डॉक' म्हणतात, या अंतराला पाच ते सहा तास सांगतं. नेहमीचा हिशेब, म्हणजे ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, इथे लावला आणि एकूण चढ सातशेच्या आसपास धरला, तर उत्तर पावणेतीन तासांच्या आत येतं. प्रत्यक्षात दुप्पट लागतात. कारण पायऱ्या. लाकडी फळ्या ठोकून केलेल्या, कमी-जास्त उंचीच्या शेकडो पायऱ्या, आणि जिथे त्या नाहीत तिथे मुळांचं जाळं. चालण्याची लय कधी लागतच नाही. वाट चुकून फजिती होणारे इथे फारसे नसतात. वेळेचा अंदाज चुकून होणारे पुष्कळ.

म्हणून पुढचं सगळं नियोजन दोन गोष्टींभोवती आहे: घड्याळ आणि गटातला सर्वांत शेवटचा माणूस.

कुणाला न्यायचं

एका लीडरमागे सोळा जण पुरे. त्याहून जास्त आले तर दोन गट करावेत, दोघांना वेगवेगळे लीडर द्यावेत. अरुंद धारेवर पंचवीस माणसांची रांग अर्धा किलोमीटर लांबते आणि पुढच्याला मागचं काही कळत नाही.

नवीन माणसाला "तू फिट आहेस का?" असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. गेल्या तीन महिन्यांत केलेली सर्वांत मोठी चाल कोणती आणि तिला किती वेळ लागला, हे विचारावं. मराठी मंडळींसाठी सोपी कसोटी सिंहगडाची: आतकरवाडीतून दीड तासात वर जाऊन, फार न बसता लगेच उतरता येत असेल आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागत नसेल, तर ते फारा जमेल. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आई-वडील आलेले असतात आणि त्यांनाही आणायचा मोह होतो. त्यांच्यासाठी अर्कर्ट्स बेहून स्मगलर्स बेकडे जाणारी छोटी वाट चांगली आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या तोफखान्याचे अवशेषही बघायला मिळतात. धारेवर त्यांचे गुडघे पणाला लावू नयेत.

नाव नोंदवताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मोबाइल, घरच्या माणसाचा नंबर, चालू औषधं, ॲलर्जी. ॲलर्जीचा रकाना शोभेसाठी नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गांधीलमाश्यांची जमिनीतली पोळी ऐन भरात असतात. पुढच्या दोघांच्या पावलांनी त्या उठतात आणि तिसरा-चौथा चावून घेतो. कुणाला तीव्र ॲलर्जी असेल तर त्याचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन कुठल्या कप्प्यात आहे, हे लीडर आणि पिछाडीवाला या दोघांना माहीत असलं पाहिजे.

आदल्या आठवड्यात

बुधवारी डॉकच्या संकेतस्थळावर ट्रॅकच्या सूचना बघाव्यात. नॉर्थलँडला उष्णकटिबंधीय वादळांची शेपटं लागतात. फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल वादळानंतर उत्तर बेटावरच्या कितीतरी वाटा बंद होत्या. बंद ट्रॅकवर क्लबने जायचं नाही, त्यात घासाघीस नाही. माउंटन सेफ्टी कौन्सिलचं 'प्लॅन माय वॉक' हे मोफत ॲप हवामान, सूचना आणि सामानाची यादी एकत्र दाखवतं.

मेटसर्व्हिसचा हवामान अंदाज शुक्रवारी रात्री पाहावा आणि शनिवारी संध्याकाळी पुन्हा. पावसापेक्षा वारा आधी वाचावा. झोत ताशी साठ किलोमीटरच्या पुढचे असतील तर उघड्या माथ्यांवर पाय ठरत नाहीत, बेत बदलावा. पूर्वेचा वारा ओशन बीचच्या बाजूला थेट अंगावर येतो. 'अधूनमधून सरी' एवढाच अंदाज असेल तर जाता येतं, फक्त पायऱ्या आणि मुळं निसरडी होतील म्हणून वेळापत्रकात पाऊण तास वाढवावा.

शनिवारी संध्याकाळी क्लबबाहेरच्या एका जबाबदार माणसाकडे कागद द्यावा: सगळ्यांची नावं, गाड्यांचे नंबर, वाट, मधूनच बाहेर पडायची जागा, बाहेर येण्याची अपेक्षित वेळ आणि पोलिसांना फोन करायची वेळ. शेवटच्या दोन वेळा वेगळ्या असतात. चारला बाहेर येणं अपेक्षित असेल तर फोन करायची वेळ संध्याकाळी आठ ठेवावी. एकच वेळ दिली तर माणूस एक तर साडेचारला घाबरतो किंवा रात्रभर वाट बघत बसतो.

पाठीवर काय

कापूस नको. जीन्स तर नाहीच. नॉर्थलँड गरम, असं म्हणून सुती टी-शर्टावर येणारे प्रत्येक चालीत असतात. घामाने भिजलेला सुती कपडा धारेवरच्या वाऱ्यात अंगाची ऊब ओढून घेतो. दहा-बारा अंश तापमान, पाऊस आणि वारा एवढ्यात शरीर गारठून धोक्यात येऊ शकतं, त्याला बर्फ लागत नाही. अंगाला लोकरीचा किंवा पॉलीप्रोचा (घाम न शोषणाऱ्या कृत्रिम धाग्याचा) पातळ थर, सॅकमध्ये फ्लीस, त्यावर टोपीचं रेनकोट-जॅकेट. छत्री आणि पोंचो धारेवर कामाचे नाहीत.

पाणी हिवाळ्यात माणशी दोन लिटर, डिसेंबर ते मार्च तीन. धारेवर पाणी नाही, मध्ये भरायची सोय नाही. उन्हाळ्यात इथलं अतिनील किरणांचं प्रमाण भारतातून आलेल्यांच्या कल्पनेपेक्षा जास्त असतं, निर्देशांक बाराच्या घरात जातो. "आपली कातडी सावळी, आपल्याला काही होत नाही" हा समज पहिल्याच उन्हाळ्यात मानेवरून सोलून निघतो. रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन, तेही दर दोन तासांनी.

खाणं हातात धरून खाता येईल असं. क्लबातले जुने लोक स्क्रॉगिन नेतात, म्हणजे सुकामेवा, दाणे, चॉकलेट यांची मिसळ. आपली चिक्की, गुळपापडी, दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या अगदी याच कामाच्या. डब्यातलं श्रीखंड आणि रस्सा घरी ठेवा. एक जादा खुराक, जो बाहेर पडेपर्यंत उघडायचाच नाही, तो प्रत्येकाकडे हवा.

बाकी प्रत्येकाकडे: हेडटॉर्च (दिवसाची चाल असली तरी), शिट्टी, पायाला घोट्यापर्यंत धरणारे आणि खोल खाचांच्या तळव्यांचे बूट, मोज्यांचा जादा जोड. सॅकच्या आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं त्यात भरायचं. वरून घालायचं रेनकव्हर वाऱ्यात उडतं.

गटाचं सामान वेगळं आणि वाटून घेतलेलं: प्रथमोपचार पेटी, दोन नारिंगी सर्व्हायव्हल बॅगा (माणूस आत बसेल एवढ्या), पातळ ताडपत्री, छोटी शेगडी आणि भांडं, टोपो५० नकाशा, कंपास आणि पीएलबी हा संकटसंदेश यंत्रणेचा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन. प्रथमोपचार पेटी आणि बीकन एकाच सॅकमध्ये ठेवू नये; पेटी पिछाडीवाल्याकडे, कारण दुखापत झालेला माणूस बहुधा मागेच असतो. टोपो५० वर एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे मीटर आणि दोन समोच्चरेषांमध्ये वीस मीटर. कंपासची सुई इथे खऱ्या उत्तरेच्या सुमारे वीस अंश पूर्वेला झुकते. भारतात हा फरक नगण्य असतो म्हणून आपल्याला तो धरायची सवय नसते. इथे विसरलात तर एका किलोमीटरमागे साडेतीनशे मीटर बाजूला जाल.

बूट धुणं हाही चालीचाच भाग

नॉर्थलँड हा काउरी वृक्षांचा मुलूख आहे, आणि मातीतून पसरणारा एक सूक्ष्मजीव या झाडांची मुळं कुजवतो. टाचणीच्या डोक्याएवढी माती पुरते. म्हणून घरून निघताना बूट, गेटर्स (नडगीवर बांधायची आवरणं) आणि काठ्यांची टोकं कोरडी-स्वच्छ. ट्रॅकवर सफाईची जागा असेल तिथे आधी ब्रशने माती पूर्ण काढायची, मगच जंतुनाशक. चिखलावर औषध मारून उपयोग नाही, ते मातीतच संपतं. काउरीची मुळं झाडाच्या पसाऱ्याच्या तिप्पट अंतरापर्यंत वरवर पसरतात, तेव्हा चिखल टाळायला वाटेच्या कडेने नवी वाट पाडू नये. चिखलातूनच जायचं. कुत्रे आणायचे नाहीत. इथे किवी पक्षी आहेत.

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे वापरलेले ट्रेकिंग बूट विमानतळावर जाहीर करावे लागतात. लपवून आणले आणि सापडले तर जागेवर ४०० डॉलर दंड. घासून आणा, फॉर्मवर लिहा, दोन मिनिटांत सुटका होते.

गाड्यांचं गणित

ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी वाट आहे, आणि सकाळचा गोंधळ इथेच होतो. फांगारेईहून ओशन बीच सुमारे पस्तीस किलोमीटर, पाऊण तास धरा. सोळा माणसं, चार गाड्या. सगळे ओशन बीचला उतरतात. चारही चालक चार गाड्या अर्कर्ट्स बेला नेतात, तीन तिथे सोडून एकाच गाडीत चौघे परत येतात. रस्ता एका दिशेने दहा-पंधरा मिनिटांचा. संध्याकाळी ओशन बीचला राहिलेली एकच गाडी आणावी लागते. उरलेल्या बारा जणांनी तोवर टॉयलेट उरकावं, बूट बांधावेत, लीडरचं बोलणं ऐकावं.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक: अर्कर्ट्स बेला ठेवलेल्या गाडीची किल्ली परत येताना वापरलेल्या गाडीतच राहते. निघण्यापूर्वी चारही किल्ल्या चालकांनी हातात धरून दाखवायच्या आणि सॅकच्या झाकणातल्या कप्प्यात टाकायच्या. शर्टाच्या खिशात नाही, कातळावर वाकलं की त्या जातात.

दुसरी पद्धत किल्ली-बदलाची: दोन गट दोन टोकांकडून निघतात, मध्ये भेटून किल्ल्या बदलतात. ऐकायला सुरेख. पण एका गटात कुणाचा पाय मुरगळला की दुसराही अडकतो. दोन अनुभवी लीडर नसतील तर टाळावी. कुठल्याही पद्धतीत गाडीत बॅगा, लॅपटॉप दिसतील असे ठेवू नयेत, एकाकी कारपार्कांमध्ये काचा फुटतात.

प्रत्यक्ष चाल

ओशन बीचकडून सुरुवात करावी. मोठा चढ ताज्या पायांनी होतो, आणि सर्वोच्च माथा झाल्यावर पुढे डावीकडे-उजवीकडे पळवाट शिल्लक राहते. हिवाळ्यातलं वेळापत्रक असं: आठला ओशन बीच, पावणेनऊला चालायला सुरुवात, सव्वाअकराच्या आत शिखर, एकच्या सुमारास पीच कोव्हचा फाटा, सव्वादोनला माउंट लायन, पावणेचारला अर्कर्ट्स बे. जूनअखेरीस सूर्य सव्वापाचच्या आसपास मावळतो, आणि बुशमध्ये त्याच्या अर्धा तास आधीच अंधारतं.

बुश म्हणजे झुडूप नव्हे, हे नव्या माणसाला सांगून ठेवावं. इथे बुश म्हणजे दाट मूळ जंगल: किनाऱ्यालगत पोहुतुकावा, घळींमध्ये निकाऊ पाम, पुरीरी आणि कोहेकोहे, उघड्या धारेवर कानुका. कारेआओ नावाची काळी वेल दोऱ्यांसारखी लोंबते, तिच्यात सॅक अडकते. झटका देऊ नये, एक पाऊल मागे यावं. नारिंगी फळं लागलेलं कराकाचं झाड दिसेल, त्याच्या बिया विषारी आहेत.

पहिला टप्पा मोकळ्या गवताळ उताराचा आणि सगळा गट इथेच घाई करतो. पहिली वीस मिनिटं लीडरने मुद्दाम मंद चालावं, बोलता येईल इतकंच. वीस मिनिटांनी थांबून सगळ्यांनी एक कपडा उतरवायचा आणि टाच कुठे चुरचुरते का बघायचं. चुरचुरतं तिथे लगेच चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावलेली पट्टी नुसती समजूत असते.

चढताना दुसऱ्या महायुद्धातल्या रडार केंद्राचे काँक्रीटचे अवशेष लागतात. मागे ओशन बीचची लांब पांढरी पट्टी, समुद्रात हेन अँड चिकन्स बेटं, स्वच्छ दिवशी उत्तरेला पुअर नाइट्स. पहिला मोठा थांबा इथेच, दहा मिनिटं. शिखराच्या कातळावर एका वेळी चार-पाच जणांनीच जावं, वारा असेल किंवा दगड ओला असेल तर कुणीच नाही. तिथे पडलं तर थांबवायला खाली काही नाही. जेवण कातळावर नको, थोडं खाली उतरून वाऱ्याच्या आडोशाला करावं. घाम असतानाच फ्लीस चढवायचा, थंडी वाजल्यावर नाही.

लीडर पुढे, जाणता माणूस सर्वांत मागे, ज्याला इथे 'टेल-एंड चार्ली' म्हणतात. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर शेवटचा येईपर्यंत कुणी हलायचं नाही, वाट कितीही उघड असो. आणि शेवटचा आला की लगेच निघायचं नाही; पुढे पोचलेले लोक दहा मिनिटं बसलेले असतात आणि ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही, असं दिवसभर झालं की तो तिसऱ्या तासाला कोसळतो. त्याचं पाणी पिऊन, श्वास बसून झाला की तो स्वतः "चला" म्हणेल. कुणाला झाडामागे जायचं असेल तर सॅक वाटेवरच ठेवून जायची. पिछाडीवाल्याला सॅक दिसली की तो थांबतो. एवढ्या साध्या नियमाने माणसं हरवत नाहीत.

पीच कोव्हचा फाटा हा दिवसाचा निर्णायक बिंदू. डावीकडे वाट पीच कोव्हच्या किनाऱ्याकडे आणि आठ बिछान्यांच्या झोपडीकडे उतरते, उजवीकडे रस्त्याकडे. हिवाळ्यात शेवटचा माणूस दीडच्या आत इथे आला नाही, किंवा कुणाची मांडी भरून आली असेल, तर सगळ्या गटाने उजवीकडे उतरावं. "थकलेले दोघे खाली जातील, बाकी आम्ही पुढे" हे करायचं असेल तर खाली जाणाऱ्यांबरोबर अनुभवी माणूस आणि गाडीची किल्ली गेली पाहिजे. दमलेल्यांना एकटं सोडू नये. किनाऱ्यावर "सहज एक डुबकी" मारून येऊ म्हणणाऱ्यांना नाही म्हणावं, उतरलेलं सगळं पुन्हा चढावं लागतं.

माउंट लायननंतरचा उतार हा सर्वांत अवघड तुकडा, आणि तो सहाव्या तासाला येतो. काठ्या पाच-दहा सेंटिमीटर लांब कराव्यात, पायरीवर आधी काठी, मग पाय. ओल्या मुळावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचं. दोन माणसांत तीन पायऱ्यांचं अंतर ठेवावं, म्हणजे एक घसरला तर दुसऱ्याला घेऊन जाणार नाही. कुणी अडखळायला लागला, बोलणं पुटपुटं झालं, जॅकेटची चेन लावता येईना, उगाच चिडायला लागला, तर ती दमणूक समजून पुढे रेटू नये. गारठ्याची सुरुवात असू शकते. थांबवा, ओलं काढा, कोरडं घाला, सर्व्हायव्हल बॅगेत बसवा, गोड गरम पाणी द्या.

कुणी पडलाच तर

आधी बाकीच्यांना बसवा आणि कपडे घालायला सांगा. उभे राहिलेले पंधरा जण वीस मिनिटांत गारठतात. फोनला रेंज असेल तर १११, पोलिस मागायचे. धारेवर रेंज येते-जाते, दोन पावलं समुद्राकडे सरकून बघावं. नसेल आणि माणूस चालूच शकत नसेल, तर बीकन. अँटेना पूर्ण उघडून उभी, वर आकाश मोकळं, आणि एकदा चालू केला की बंद करायचा नाही, जागाही बदलायची नाही. हेलिकॉप्टर येताना ताडपत्री, टोप्या, रिकाम्या पिशव्या गुंडाळून दाबून ठेवाव्यात. बोलावल्याशिवाय जवळ जाऊ नये. बीकन चुकून चालू झाला तर बंद करून लगेच बचाव केंद्राला फोन करावा, लपवू नये. नोंदणी मोफत आहे आणि नोंदणी नसलेला बीकन कुणाचा हे शोधण्यात वेळ जातो, म्हणून क्लबने दरवर्षी संपर्क नंबर तपासावेत. अपघाताच्या उपचारांना न्यूझीलंडची एसीसी योजना पाहुण्यांनाही लागू होते, परतीच्या विमानखर्चाला मात्र नाही, प्रवासविमा घ्यावाच.

अर्कर्ट्स बेला

जंगल संपून कुरणं येतात, गेट जसं मिळालं तसंच ठेवायचं. कारपार्कमध्ये डोकी मोजायची, नावं वाचून. ओशन बीचची गाडी आणायला दोघे जातात, एक नव्हे. बूट पुन्हा घासायचे. गरम कपडे घातलेल्या, हातात चहा आलेल्या लीडरकडून एक काम हमखास राहतं: घरी कागद घेऊन बसलेल्या माणसाला "सगळे बाहेर" हा निरोप. तो गाड्या हलण्यापूर्वी पाठवावा, आणि "मिळाला" असं उत्तर आल्यावरच किल्ली फिरवावी.